पहिल्या जेवणासाठी कोणती स्पॅगेटी: टोमॅटोची की लसूण-तेलाची?

आपली प्रेमप्रकरणे आणि त्या त्या वेळी रांधलेले पदार्थ यांच्या आठवणी एकत्र सांगणारे एक आत्मकथन मी गेल्या उन्हाळ्यात वाचले, आणि त्यातल्या पास्त्याच्या वर्णनांनी मला थेट स्वयंपाकघरात नेले. आवडलेल्या माणसाला प्रथमच घरी जेवायला बोलवायचे आणि पास्ताच करायचा असे कोणी ठरवले, तर निवड मुख्यतः दोन पदार्थांत करावी लागते: मंद आचेवर शिजवलेल्या टोमॅटोच्या सॉसमधली स्पॅगेटी, किंवा नेपल्सकडची, केवळ लसूण, तेल आणि सुकी मिरची यांवर उभी असलेली स्पॅगेटी. पांढऱ्या सॉसचा विचार मी येथे केलेला नाही. तो ताटात निवला की खळीसारखा घट्ट होतो, आणि खळ सुताला लावायची असते हे सोलापुरात कोणाला सांगायला नको.

दोन्हींसाठी सुरुवात सारखीच आहे. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला आहे ना, हे पाहूनच स्पॅगेटी घ्यावी. हा आपल्याकडच्या बन्सी गव्हाच्या जातीचा कठीण गहू असून त्याची शेवई उकळत्या पाण्यात आपला कणा सोडत नाही. मैद्याची स्वस्त स्पॅगेटी मात्र दोन मिनिटे जास्त झाली की गिच्च होते. दोघांसाठी 200 ग्रॅम स्पॅगेटी, 2 लिटर पाणी आणि सुमारे 20 ग्रॅम मीठ हे रूढ प्रमाण आहे. ज्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, तेथे 2 लिटर खारट पाणी मोरीत ओतताना जीव वर-खाली होतो, हे मला मान्य आहे. अशा वेळी सव्वा लिटर पाण्यातही काम भागते. मीठ त्या मानाने कमी करायचे आणि पहिली तीन-चार मिनिटे सतत ढवळत राहायचे. उलट ते पाणी पिठाळ होते, आणि लसूण-तेलाच्या पदार्थाला नेमके तेच हवे असते.

खरा फरक वेळेचा आहे, आणि माझ्या मते निर्णय त्यावरच व्हावा. टोमॅटोचा सॉस वाट पाहू शकतो, लसूण-तेल पाहू शकत नाही. सॉस सकाळी करून ठेवला तरी रात्री तो बिघडत नाही. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतो आणि दुसऱ्या दिवशी अधिकच मुरलेला लागतो. मे महिन्यात, पारा 42 अंशांवर असताना, ही मोठी सोय आहे, कारण पाऊण तास गॅससमोर उभे राहण्याचे काम पहाटे उरकता येते आणि पाहुणा आल्यावर फक्त स्पॅगेटी उकळावी लागते. लसूण-तेलाचे सगळे काम पंधरा मिनिटांत होते, पण ती पंधरा मिनिटे पाहुणा ताटावर बसण्याच्या अगदी आधीची असावी लागतात. आपल्याकडच्या कांदेपोह्यांचे गणित असेच असते: पाहुणे जिना चढू लागले की पोहे भिजवायचे, आधी नाही.

हे मी अनुभवाने सांगते. एकदा मी साडेआठची वेळ धरून सव्वाआठला लसूण तेलात टाकला. ज्याला यायचे होते तो साडेनऊला आला, आणि तोवर कढईत मागावरून उतरलेल्या सुताच्या गुंत्यासारखा एक गोळा तयार झाला होता. त्यावर गरम पाणी ओतून मी तो सोडवला खरा, पण लसूण कडू झाला होता. त्या माणसाने सगळे संपवले आणि ‘छान झालंय’ असे म्हटले. हे वाक्य त्याने बोलायला नको होते.

वेळ जुळली, तर मात्र लसूण-तेलाची बरोबरी टोमॅटोला करता येत नाही. सहा-सात पाकळ्या ठेचायच्या नाहीत, सुरीने कागदासारख्या पातळ कापायच्या. चार मोठे चमचे ऑलिव्ह तेल आणि लसूण दोन्ही थंड कढईत एकत्र घालून मंद आच लावायची, म्हणजे लसणाचा वास तेलात उतरतो. कापांच्या कडा फिक्या सोनेरी होताच कुस्करलेली सुकी मिरची घालून गॅस बंद करायचा, कारण लसूण तापलेल्या तेलात पुढेही रंग बदलत राहतो आणि तांबूस झाला की कडवटपणा आलाच. मग शिजत असलेल्या स्पॅगेटीतले पळीभर पिठाळ पाणी त्यात ओतायचे. चर्र आवाज होतो, आणि कढई हलवत राहिले की वेगळे तरंगणारे तेल पाण्याशी मिळून दुधाळ होते. किंचित कच्ची राहिलेली स्पॅगेटी पुन्हा आच लावून याच रसात मिनिटभर परतली की तो प्रत्येक तंतूला चिकटतो. शेंगतेलात हा पदार्थ केला तर तो थेट फोडणीचा लागतो. घरात करडईचे तेल असेल तर निम्मे ते आणि निम्मे ऑलिव्ह, ही तडजोड मला चालते.

येथे सोलापूरकराला एक आयती सोय आहे. दक्षिण इटलीत चीज परवडत नसे त्या घरांत अशा पास्त्यावर तेलात परतलेला पावाचा चुरा घालण्याची रीत होती. त्या जागी मी उखळात कुटलेली, तेल सुटलेली शेंगाचटणी भुरभुरते. चटणीत लसूण आणि तिखट आधीपासूनच असल्यामुळे लसणाच्या दोन पाकळ्या आणि सगळी मिरची कमी करावी लागते. टोमॅटोच्या सॉसवर मात्र हीच चटणी अजिबात बसत नाही. आंबट आणि खमंग एकमेकांना दाबतात.

टोमॅटोच्या बाजूचा मोठा गुण असा की तो घरातल्या सर्वांना चालतो, आणि सोलापुरात घरी जेवायला बोलावणे म्हणजे बहुधा आईसमोर जेवायला बोलावणे असते. लसूण न खाणाऱ्या पाहुण्यासाठी तर दुसरा पर्यायच उरत नाही. अर्धा किलो पिकलेले, लाल टोमॅटो उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून सोलावेत, पातेल्यात हाताने कुस्करावेत, त्यात अर्धा कापलेला कांदा आणि तीन मोठे चमचे घरचे लोणी घालून चाळीस मिनिटे मंद आचेवर ठेवावे, आणि शेवटी कांदा काढून टाकावा. कांदाही वर्ज्य असेल तर तो वगळून चिमूटभर साखर घालावी. गावरान टोमॅटो चवीला चांगले असले तरी फार आंबट असतात, म्हणून निम्मे गावरान आणि निम्मे मांसल संकरित घेतले की सॉस नीट जमतो. हळद, धने-जिरे किंवा गरम मसाला यांकडे हात जाऊ देऊ नये, नाहीतर स्पॅगेटीवर पावभाजीची भाजी ओतल्यासारखे होते.

चीजबाबत सावधगिरी हवी. इटलीचे खरे पार्मेजान वासराच्या जठरातील विकर वापरून केले जाते, त्यामुळे शाकाहारी घरात ते वाढणे ही केवळ चवीची बाब राहत नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहूनच चीज घ्यावे. लसूण-तेलाच्या स्पॅगेटीवर ते मुळात लागतच नाही.

ताटाचा शिष्टाचारही विचारात घ्यावा. लाल सॉसमधली लांब स्पॅगेटी काट्याला गुंडाळताना शेवटचा तंतू उडतो आणि पांढऱ्या सदऱ्यावर ठिपका उमटतो. पाहुण्याला काट्याची सवय नसेल तर याच सॉसमध्ये स्पॅगेटीऐवजी पेने, म्हणजे आखूड नळ्यांचा पास्ता, घालावा. चव तीच राहते आणि अवघडलेपणा टळतो. लसूण-तेलाचा डाग पडला तरी लांबून दिसत नाही. लसणाच्या वासाची काळजी करण्याचे कारण नाही, मात्र दोघांनीही तोच पदार्थ खाल्लेला असावा.

पाहुणा पुण्याहून गाडीने येणार असेल, घरात मोठी माणसे असतील किंवा पास्ता प्रथमच करत असाल, तर टोमॅटो निवडावा. पाहुणा याच गावातला असेल आणि वेळेवर येतो हे दोन-तीन भेटींत दिसले असेल, तर लसूण-तेल करावे आणि त्याला स्वयंपाकघरातच स्टुलावर बसवून मिरची कुस्करायला द्यावी. माझ्याकडे अलीकडे पहिल्या भेटीला टोमॅटोच असतो, आणि तोही मी मुद्दाम दुप्पट करते, कारण पाहुणा आला नाही तरी उरलेला सॉस सकाळी कडक भाकरीच्या चुऱ्यावर गरम करून घालता येतो.