पॅरिश रजिस्टरं: इंडेक्सवर विसंबू नका, पान उघडा

सासूबाईंचं माहेर इंग्लंडात नॉरफोकचं. त्यांच्या पंचाहत्तरीला वंशावळ करून देते असं मी उत्साहात बोलून बसले आणि आता चार महिने झाले, तिथल्या पॅरिशची (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) जुनी रजिस्टरं चाळतेय, ऑनलाइनच अर्थात.

जुलै १८३७ पासून तिकडे सरकारी नोंदणी सुरू झाली त्यामुळे तिथपर्यंत फार त्रास नाही, त्याच्या मागे जायचं तर मात्र मुख्य आधार ही रजिस्टरंच. राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल, त्याने १५३८ मध्ये हुकूम काढून दर पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहून ठेवायला लावलं. सगळं टिकलंय असं नाही, १६४२ नंतरच्या यादवीत तर कितीतरी गावांत वर्षंच्या वर्षं गायब.

सुरुवात फ्रीरेग या साइटवर केली. फुकट आहे, स्वयंसेवकांनी बसून टाइप केलेलं, पण मूळ पानाचा फोटो नाही. फॅमिलीसर्च ही दुसरी साइट पण फुकट, लॉगिन करावं लागतं, फोटो आहेत पण काही फोटो घरून उघडतच नाहीत, त्यांच्या सेंटरला जा म्हणतात. मग एका पैसेवाल्या साइटचं सबस्क्रिप्शन घेतलं आणि तिथल्या इंडेक्समध्ये, म्हणजे टाइप केलेल्या नावांच्या यादीत, रसेल आडनावाचा पूर्वज शोधून शोधून थकले. शेवटी वैतागून पानं एकेक करून बघितली तर माणूस तिथेच होता! जुन्या अक्षरात दोन एस आले की पहिला एफसारखा लांबडा काढायचे, इंडेक्स करणाऱ्याने रसेलचं रफसेल करून टाकलेलं. तीन आठवडे गेले माझे त्यात.

दुसरी गंमत तारखांची. लग्न जून १७३०, पहिल्या पोराचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७३०. नवरा हसायला लागला की आमचे पूर्वज भलतेच फॉरवर्ड. पण १७५२ च्या आधी तिथलं वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणजे तो फेब्रुवारी आपल्या हिशोबाने १७३१ चा. तरी आठच महिने होतात, ते जाऊ दे. आणि बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे हे पण डोक्यात ठेवा, एका घरात चार पोरांचा एकाच दिवशी उरकलेला सापडला.

१८१३ पासून छापील फॉर्म आले, एका पानावर आठ बाप्तिस्मे, बापाचा धंदा आणि राहायचं ठिकाण पण लिहिलेलं, ते वाचायला एकदम सोपं. पण मला आवडली ती १७५४ नंतरची लग्नाची रजिस्टरं, कारण त्यात सह्या आहेत. आमच्या एका आजीची सही म्हणजे नुसती फुली, एक रेघ जाड आणि एक थरथरलेली, शेजारी पाद्र्याने लिहिलंय की ही हिची खूण. टाइप केलेल्या यादीत फक्त नाव आणि तारीख होती, ही फुली कशी कळणार?

रजिस्टरांना पाचपैकी साडेचार, माझ्या पैसेवाल्या साइटच्या इंडेक्सला दोन.

सध्या १६९८ पाशी अडकलेय, पानाला ओल लागून शाई पसरलीय. १५९८ पासून दरवर्षी रजिस्टरची नक्कल बिशपकडे पाठवायची पद्धत होती, त्यामुळे त्या वर्षाची नक्कल टिकलीय का ते नॉरफोकमधल्या नॉर्विचच्या रेकॉर्ड ऑफिसला विचारलंय. पंचाहत्तरीला सहा आठवडे राहिलेत.