लक्षद्वीपची निवडणूक शिकवणारे गाइड: नकाशा चोख, उत्तरसूची धोक्याची

राज्यसेवेची तयारी करणाऱ्या पुतणीसाठी नागपूरच्या बर्डीवरून २२० रुपयांना आणलेले केंद्रशासित प्रदेशांवरील हे गाइड मी आधी स्वतः वाचून काढले आणि लक्षद्वीपच्या लोकसभा निवडणुकीवरील प्रकरणापाशी अडखळलो. प्रकाशकाचे नाव मुद्दाम देत नाही.

छपाई सुबक आहे. नकाशात मनुष्यवस्तीची दहाही बेटे नावांसह दाखवली असून, दक्षिणेला दूर असलेल्या मिनिकॉयमध्ये मलयाळम नव्हे तर महल ही भाषा बोलली जाते, हेही नमूद केले आहे.

सराव प्रश्नांत मात्र ‘देशातील सर्वांत लहान मतदारसंघ कोणता?’ असे मोघमपणे विचारून ‘लक्षद्वीप’ हे उत्तर दिले आहे. मतदारसंख्येच्या दृष्टीने ते बरोबर आहे, कारण २०२४ मध्ये तेथे ५८ हजारांहूनही कमी मतदार होते, तर आपल्या नागपूर मतदारसंघात ते २२ लाखांच्या पुढे होते. पण क्षेत्रफळाने दिल्लीतील चांदणी चौक त्याहून लहान आहे, आणि नेमक्या अशाच फरकावर परीक्षेतला गुण जातो.

१९६७ पूर्वी लक्षद्वीपचा खासदार निवडून येत नसे, राष्ट्रपती त्याची नियुक्ती करत, ही गोष्ट गाइडने गाळली आहे. पी. एम. सईद १९६७ ते १९९९ या काळात सलग दहा वेळा विजयी झाले, एवढे सांगून लेखक थांबतो. वास्तविक खरी गोष्ट त्यापुढे सुरू होते, कारण २००४ मध्ये पी. पूकुन्ही कोया यांनी त्यांना अवघ्या ७१ मतांनी हरवले. एवढी मते आपल्याकडे एखाद्या बऱ्यापैकी फ्लॅट स्कीममध्येच निघतील. पुढेही मोहम्मद फैजल २०१९ मध्ये ८२३ मतांनी निवडून आले आणि २०२४ मध्ये सईद यांचे पुत्र हमदुल्ला यांनी त्यांचा २,६४७ मतांनी पराभव केला. हे आकडे एका छोट्या तक्त्यात सहज मावले असते.

सर्वांत गंभीर चूक उत्तरसूचीत आहे. २०२३ मध्ये तेथे पोटनिवडणूक ‘झाली’ असे तीत छापले आहे. प्रत्यक्षात न्यायालयात दोषी ठरल्यामुळे फैजल अपात्र झाल्यावर ती जाहीर झाली, परंतु उच्च न्यायालयाने त्यांच्या दोषसिद्धीला स्थगिती दिल्यावर थांबवण्यात आली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचे सदस्यत्व पूर्ववत झाले.

नागपूर आणि लक्षद्वीप या दोन्ही ठिकाणी १९ एप्रिल २०२४ रोजी, म्हणजे एकाच दिवशी मतदान झाले. तेथे ते सुमारे ८४ टक्के, तर येथे सुमारे ५४ टक्के झाले. (उन्हाचे कारण आपण दरवेळी पुढे करतो.) विदर्भातील विद्यार्थ्याच्या सहज लक्षात राहील अशी ही तुलना नागपुरात विकल्या जाणाऱ्या गाइडमध्ये असायला हरकत नव्हती.

नकाशासाठी हे गाइड घ्यायचे असल्यास जरूर घ्यावे, मात्र उत्तरसूची पडताळल्याशिवाय पाठ करू नये. पुतणीच्या प्रतीतील पोटनिवडणुकीचे उत्तर मी पेन्सिलीने खोडून ठेवले आहे.