स्पाउस व्हिसाच्या नावाखाली 6,443 पाउंड गेले

यूकेत बायकोला किंवा नवऱ्याला आणायच्या धावपळीत असाल, तर वाचा. एजंट पैसे कसे खातात हे तुम्हाला माहीत आहेच. मलाही माहीत होतं.

माझा पगार वर्षाला 25,400 पाउंड. एप्रिल 2024 पासून जोडीदाराला आणणाऱ्याच्या वार्षिक उत्पन्नाची अट 29,000 ची. तूट 3,600. ती बचतीतून भरायची तर तुटीची अडीचपट अधिक 16,000, म्हणजे 25,000 पाउंड खात्यात सहा महिने पडून हवेत. माझ्याकडे 11,000. बायकोचा नाशिकचा पगार यात धरतच नाहीत.

आमच्या मंडळातला एक गृहस्थ व्हिसाची कामं करून देतो म्हणायचा. तो म्हणाला, "वडिलांकडून भेट म्हणून मागवा, भेटीला सहा महिन्यांची अट नसते." साफ खोटं! वडिलांनी एफडी मोडून 14,000 पाउंड पाठवले. मग त्याने स्वतःची फी 1,400, व्हिसाची 1,938 आणि आरोग्य अधिभाराचे (इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरायचे पैसे) 3,105 एकदम मागितले. "सगळं मीच भरतो, तुम्ही कशाला डोकं लावता?" व्हिसाची फी सरकारी साइटवर आपली आपल्यालाही भरता येते, लक्षात ठेवा.

पैसे पाठवताना बँकेच्या अ‍ॅपवर ठसठशीत आलं: खातेदाराचं नाव जुळत नाही. तिथेच थांबायचं ना! फोन केला, तर म्हणे, "अहो, खातं मिसेसच्या नावावर आहे." दाबलं बटण. पण गणपतीत शेजारी उभं राहून आरत्या म्हणणाऱ्यावर संशय घ्यायचा कसा? आणि बँक असल्या सूचना उठसूट देतच असते.

बायको पहाटे निघून मुंबईच्या व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे द्यायला गेली. दारावरच्या माणसाने या गृहस्थाने दिलेलं पत्र उलटसुलट करून पाहिलं. "मॅडम, यावर जीडब्ल्यूएफ नंबरच नाही." जीडब्ल्यूएफ म्हणजे ऑनलाइन अर्जाचा क्रमांक. अर्ज भरलेलाच नव्हता. नामंजूर झाला असता तर निदान अधिभार तरी परत मिळाला असता.

बँक आधी म्हणाली, सूचना दिली होती. मग म्हणाली, हा तुमचा आपसातला वाद. ऑक्टोबर 2024 पासून अशा फसवणुकीचे पैसे बँकांनी भरून द्यायचा नियम आहे, तो काय भिंतीवर लावायला? इथल्या पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार केली, नंबर मिळाला, पुढे चिडीचूप. नाशिकला सासरे ठाण्यात गेले, तर "गुन्हा तिकडचा, तिकडेच जा." सत्तरीच्या माणसाला तासभर बाकावर बसवून एवढंच सांगितलं! बँकेचं उत्तर पटलं नाही तर ओम्बड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे जाता येतं, तेही बँकेने तोंडाने सांगितलं नाही.

सल्लागाराचं नाव इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीच्या (व्हिसा सल्लागारांची नोंदणी करणारी सरकारी संस्था) यादीत स्वतः शोधा. सॉलिसिटर म्हणवत असेल तर त्यांची नोंदणी वेगळी, तीही बघा. आमचा हा माणूस परवा मंडळाच्या ग्रुपवर पुन्हा 'मोफत मार्गदर्शन' टाकून गेला. नोंदणी क्रमांक मागा, टाळाटाळ केली की समजा, तोच.