सीगेट की वेस्टर्न डिजिटल: दोन्हींपैकी एकाच कंपनीचे शेअर घ्यायचे असतील तर

एलआरएसच्या (भारतातून परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेच्या) मार्गाने अमेरिकी बाजारात थोडे पैसे घालून हार्ड डिस्कच्या धंद्यात वाटा घ्यावा असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यापुढे खरे तर दोनच नावे उरतात. तिसरा उत्पादक तोशिबा, पण तो २०२३ च्या अखेरीस टोकियोच्या शेअर बाजारातून बाहेर पडला. मी या दोन्ही कंपन्यांचे शेअर काही वर्षे सांभाळले आणि आता एकीचेच ठेवले आहेत. हा सल्ला नव्हे. मी कोणत्या वाटेने निर्णयापर्यंत आलो तेवढेच सांगतो.

उत्पादनांच्या बाबतीत सीगेट अधिक धाडसी वाटते. लेझरने तबकडीवरचा सूक्ष्म ठिपका क्षणभर तापवून त्यावर लिहिण्याची ‘हॅमर’ पद्धत येणार, येणार असे ती इतकी वर्षे सांगत होती की तिच्या वायद्यावर विश्वास ठेवणे अवघड झाले होते. जानेवारी २०२४ मध्ये याच पद्धतीवर आधारलेले तिचे मोझॅक ३+ तंत्रज्ञान जाहीर झाले आणि एका तबकडीवर ३ टेराबाइटपेक्षा अधिक माहिती मावू लागली. वेस्टर्न डिजिटलने ही उडी लांबणीवर टाकली. अकरा तबकड्या आणि कौलांप्रमाणे एकमेकांवर चढणारे ट्रॅक (तबकडीवर माहिती लिहिण्याच्या वर्तुळाकार पट्ट्या) यांच्या बळावर तिने ऑक्टोबर २०२४ मध्ये ३२ टेराबाइटची डिस्क आणली. कौलारू रचनेत मधलाच एक ट्रॅक बदलायचा झाला तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, त्यामुळे स्वतःचे सॉफ्टवेअर तसे जुळवून घेणाऱ्या मोठ्या क्लाउड कंपन्यांनाच ती खऱ्या अर्थाने परवडते. अर्थात मोठी खरेदी त्याच करतात, तेव्हा या मुद्द्यावर कोणालाही नापास करता येणार नाही.

पेटंटच्या खटल्यांचे मात्र नव्या गुंतवणूकदाराला उगीच दडपण येते, आणि मलाही आले होते. जुलै २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील ज्युरीने चुंबकीय थरांच्या पेटंटबद्दल वेस्टर्न डिजिटलला २६.२ कोटी डॉलर भरायला सांगितले. ऑक्टोबरमध्ये डिस्कमधील सुरक्षाव्यवस्थेच्या पेटंटवरून दुसऱ्या ज्युरीने ३१.५७ कोटींचा निवाडा दिला. व्याज धरून हा दुसरा आकडा सुमारे ५५.३ कोटींवर गेला आणि २०२५ मध्ये न्यायाधीशांनी तो चक्क एका डॉलरवर आणला. उलट उदाहरणही याच दोघींच्या घरातले आहे. सीगेट सोडून वेस्टर्न डिजिटलमध्ये गेलेल्या एका अभियंत्याने व्यापारी गुपिते नेल्याच्या वादात लवादाने २०११ मध्ये सीगेटच्या पदरात ५२.५ कोटी डॉलर टाकले. वरिष्ठ न्यायालयांच्या पायऱ्या चढून २०१४ मध्ये वेस्टर्न डिजिटलने प्रत्यक्षात सुमारे ७७.३ कोटी मोजले. म्हणजे ज्युरीचा आकडा वाचून शेअर विकणे आणि अपिलाच्या भरवशावर निर्धास्त बसणे, दोन्ही सारखेच चुकीचे. सीगेटही धुतल्या तांदळासारखी नाही. अमेरिकी निर्यातनिर्बंध असलेल्या ह्युआवे या चिनी कंपनीला डिस्क विकल्याबद्दल तिच्यावर २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने ३० कोटी डॉलरचा दंड बसवला.

इथवर माझा काटा जवळपास मध्यावर होता. तो हलला तो खटल्यांमुळे नव्हे, आयकर विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यामुळे. फेब्रुवारी २०२५ मध्ये वेस्टर्न डिजिटलने फ्लॅश मेमरी बनवणारी सॅनडिस्क ही आपली कंपनी वेगळी केली आणि दर तीन शेअरांमागे सॅनडिस्कचा एक शेअर दिला. माझ्या चाळीस शेअरांवर तेरा मिळाले आणि उरलेल्या तृतीयांशाचे पैसे आले. कंपनीच्या दृष्टीने हे स्वच्छच होते, पण माझ्या ब्रोकरच्या विवरणात सॅनडिस्कची खरेदी किंमत कित्येक आठवडे शून्य दिसत होती. मूळ किंमत दोन्हींत कशी वाटायची, हे विचारल्यावर दोन सनदी लेखापालांनी दोन वेगळी उत्तरे दिली. त्यात हा तक्ता जानेवारी ते डिसेंबर असा भरायचा आणि बाकीचे विवरणपत्र एप्रिल ते मार्च. लहान गुंतवणुकीच्या मानाने ही डोकेदुखी मला फार महाग वाटली. मी वेस्टर्न डिजिटल आणि सॅनडिस्क या दोन्हींचे शेअर विकले आणि त्यानंतर सॅनडिस्कचा भाव कुठे गेला हे माझी पत्नी मला अधूनमधून आठवण करून देते.

ज्यांना असल्या हिशेबांचा कंटाळा नाही आणि स्थिर, कमी धोक्याची प्रगती आवडते, त्यांना आता केवळ हार्ड डिस्कवर उभी असलेली वेस्टर्न डिजिटल वाईट ठरू नये. हॅमरचा जो फायदा व्हायचा तो सीगेटला आधी होईल असे मला वाटते, आणि तिच्या तिमाही निकालांतून या एकाच धंद्याची नाडी मला अनेक वर्षे सलग वाचता आली आहे, म्हणून मी तिच्याकडे राहिलो. ही कंपनी आयर्लंडमध्ये नोंदलेली असल्याने तिच्या लाभांशावरील करकपात अमेरिकी कंपन्यांसारखी नसते; तेवढे मात्र शेअर घेण्याआधीच ब्रोकरला लेखी विचारून ठेवावे.