नागपुरात घर बांधताना: लाल वीट, राखेची वीट की एएसी ब्लॉक?

वीट कोणती घ्यायची हे गवंड्याला विचारण्याआधी इंजिनिअरला विचारा: स्लॅबचं वजन भिंत घेणार की कॉलम-बीम? निम्मा निर्णय तिथेच होतो.

भिंतच वजन घेणार असेल, तर एएसी ब्लॉक (आत हवेचे बारीक बुडबुडे असलेला हलका सिमेंटी ठोकळा) मी तरी यादीतून काढेन. तो दाबाखाली साधारण ३ ते ४ न्यूटन प्रति चौरस मिमी सोसतो. राखेची चांगली वीट ७.५ आणि त्यापुढे जाते. लाल विटेची सर्वांत खालची प्रत ३.५ ची, आणि भट्टीत कुठे होती यावर तिचं नशीब. शिवाय भिंतीची ताकद सुट्या विटेपेक्षा बरीच कमी असते. दोन विटांमधला सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा सांधा जितका जाड, तितकी ती आणखी घटते. म्हणून १० मिमीच्या सांध्यावर अडून बसा. सिमेंट जास्त घातलं की भिंत मजबूत, हाही गैरसमज. विटेपेक्षा कडक मसाला असला, तर पाया हलल्यावर भेग सांध्यातून पायऱ्यापायऱ्यांनी न जाता थेट विटा फोडत जाते.

कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांमुळे राख आपल्याकडे दाराशीच आहे, त्यामुळे या विटा सहज मिळतात. आकार एकसारखा, प्लास्टर कमी लागतं. पण पुरेशी तराई (पाणी मारून पक्कं करणं) न झालेला माल नखाने खरवडला तरी भुगा देतो. लाल विटेसाठी घरचा वजनकाटा पुरे: ३ किलोची कोरडी वीट २४ तास पाण्यात ठेवा. ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेली, तर ट्रॉली परत पाठवा.

कॉलम-बीमचं घर असेल तर हिशेब उलटतो. १० बाय १० फुटांची नऊ इंची विटेची भिंत प्लास्टरशिवाय सुमारे ४ टन भरते. तेवढीच आठ इंची ब्लॉकची भिंत सव्वा टनाच्या आसपास. बीम-पायावरचा भार उतरतो, लोखंड वाचू शकतं. आणि ४५ अंशांच्या मे महिन्यात पश्चिमेची भिंत संध्याकाळी आत भट्टी पेटवते, तिथे ब्लॉकचा फरक हाताला कळतो.

मात्र ब्लॉकच्या भिंतीला शिस्त लागते. ब्लॉक वाळताना आकसतो, म्हणून पावसात भिजलेला माल लावू नये. विटेसारखा हौदात बुडवायचा नाही, नुसतं पाणी शिंपडायचं. कॉलमला लागून जाणाऱ्या सांध्यावर प्लास्टरआधी जाळी हवीच, नाहीतर उभी भेग ठरलेली. बीमखालचा शेवटचा थर लगेच ठासू देऊ नका. वरचा भार आला की बीम किंचित वाकतो आणि सगळा जोर भिंतीवर येतो. जड गीझर नि किचनच्या कपाटांची जागा आधीच ठरवा, साधा खिळा ब्लॉकमध्ये धरत नाही.

‘हलका ब्लॉक, म्हणजे काळ्या मातीची चिंता नाही,’ असं विकणारे भेटतील. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. हलकं घर तर ती आणखी सहज उचलेल. पाया मुरमापर्यंत न्यावा आणि प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरचा काँक्रीटचा बीम) घालावा, मग भिंत कशाचीही असो.

बेसा-हिंगण्याकडे एकमजली, भिंतीवर पेललेलं घर असेल तर मी राखेची वीट घेईन. कॉलम-बीमचं असेल तर बाहेर ब्लॉक, बाथरूमला वीट. दर मात्र नगावर विचारू नका, मसाला आणि प्लास्टर धरून चौरस फुटावर काढून मागा.