नऊ महिने वापरलेलं ६४ जीबीचं कार्ड आणि त्याच्या कडेची ती पांढरी पट्टी

दिवाळीत खडेबाजारातून कॅमेऱ्यासाठी घेतलेलं ६४ जीबीचं एसडी कार्ड, व्ही३० या वेगाच्या दर्जाचं, ९५० रुपयांचं. त्याच दिवशी समोरच्या फूटपाथवरून १५० रुपयांचा कार्ड रीडरही घेतला. वेग, क्लास वगैरे सगळ्यांना माहीत आहे, त्यात शिरत नाही. पहिले पाच महिने तक्रार नव्हती. उचगावचा एक साखरपुडा, खानापूरकडची तीन लग्नं, वडगावातली दोन बारशी, सगळं सुरळीत निघालं. त्या वेळी लिहायला बसलो असतो तर डोळे झाकून घ्या म्हटलं असतं.

मग शिवजयंती आली. आमच्या बेळगावात ती वैशाख शुद्ध द्वितीयेला, आणि नंतर चित्ररथांची मिरवणूक रात्रभर. एका मंडळाच्या सजीव देखाव्याचं काम माझ्याकडे होतं. रात्री दीडच्या सुमारास, रामदेव गल्लीत, मावळ्याच्या वेशातलं दहा-बारा वर्षांचं पोरगं दांडपट्टा फिरवायला लागलं. मी बटण दाबलं तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर 'कार्ड लॉक आहे'. कार्ड बाहेर काढलं. कडेची लॉकची पट्टी आपोआप खाली सरकली होती. नखाने वर केली, कार्ड आत घातलं, तोवर पोरगं थांबलेलं. पहाटेपर्यंत हे तीन वेळा झालं. प्रत्येक वेळी गुलालाच्या हातांनी कार्डाचा कप्पा उघडायचा.

ती पट्टी हातात धरून पाहिली तर कुठे अडतच नव्हती. कार्ड कानाशी हलवलं की बारीक टिकटिक ऐकू यायची. दुसऱ्या कार्डात हीच पट्टी सरकवायला नख रोवावं लागतं. साडेनऊशे रुपयांच्या वस्तूत तांदळाच्या दाण्याएवढं प्लॅस्टिक नीट बसवता येत नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पण खरा घोळ घरी आल्यावर झाला. पहाटे पाचला स्टुडिओतल्या कॉम्प्युटरला रीडर लावला आणि झोप डोळ्यांवर असताना सगळे फोटो कॉपी न करता कट-पेस्टला टाकले. ३७ फोटो उतरले. रीडरची पिन आधीच सैल होती. माझा हात वायरला लागला, खिडकी बंद झाली आणि पुन्हा लावल्यावर विंडोज विचारायला लागलं की ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करा. पुतण्या शेजारी उभा होता. "काका, फॉरमॅट म्हणतंय, ओके करू काय?" मी त्याचा हात धरला.

एकूण ४१२ फोटो, त्यातले ३७ हातात. उरलेले ३७५ त्या कार्डात, आणि बाहेर मंडळाची पोरं, "अण्णा, फोटो कवा देतासा?"

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो आणि मी आवाज चढवला, हे मान्य करतो. दुकानदार शांत होता. पट्टी बघून म्हणाला, "सर, हे फिजिकल डॅमेज. वारंटी बरल्ला." म्हणजे मिळणार नाही. आणि वॉरंटी कार्डाची असते, आतल्या फोटोंची नसते, हेही त्याने सांगितलं. ते खरंच आहे, पाकिटावर छापलेलं असतं, आपण वाचत नाही. शहरातल्या एका रिकव्हरीवाल्याने कार्ड बंगळूरला पाठवावं लागेल म्हणून आठ हजार सांगितले. मंडळाकडून मला मिळणार होते सहा.

निपाणीच्या मित्राला फोन लावला. त्याचं पहिलं वाक्य, "मर्दा, हात लावू नकोस कार्डाला. लॉक कर आणि ठेव बाजूला." म्हणजे रात्रभर ज्या पट्टीला शिव्या घातल्या, तिचंच काम निघालं. फोटो पुसले गेले किंवा कार्ड वाचेनासं झालं तरी आतला मजकूर बहुतेक वेळा जागच्या जागी असतो, बिघडलेली असते ती कुठला फोटो कुठे आहे याची नोंद. त्यावर नवं काही लिहिलं गेलं की मग मात्र तो गेला. म्हणून त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढायचा नाही, आणि विंडोजचं 'स्कॅन करून दुरुस्त करा' हेही दाबायचं नाही. ते कार्डावरच लिहितं आणि फोटोंऐवजी सीएचके नावाच्या फाइल हातात ठेवतं.

मी पट्टी लॉकवर केली, कार्ड बाजूला ठेवलं आणि सहज म्हणून एका जुन्या, रिकाम्या कार्डावर प्रयोग केला. त्याला लॉक करून दीडशेच्या रीडरमध्ये घातलं आणि नवा फोल्डर बनवून पाहिला. बनला! तेच कार्ड पुतण्याच्या लॅपटॉपच्या कार्ड स्लॉटमध्ये घातलं, तर 'कार्ड राइट प्रोटेक्टेड आहे' म्हणून नकार. तेव्हा कळलं की त्या पट्टीचा आतल्या चिपशी कसलाच संबंध नाही. ती नुसती कडेची खाच झाकते किंवा उघडी ठेवते. खाच उघडी आहे की झाकलेली, हे बघायचं काम कॅमेऱ्याचं किंवा रीडरचं. माझ्या रीडरमध्ये ते बघणारं काही नव्हतंच. म्हणजे त्या पहाटे कार्ड लॉक करून घातलं असतं तरी त्याने लिहू दिलंच असतं. याच कारणाने पट्टी तुटून पडली तर कॅमेरा कार्डाला लॉकच समजतो, आणि खाचेवर पातळ चिकटपट्टी लावली की ते पुन्हा चालतं. जाड चिकटपट्टी लावू नका, कार्ड कप्प्यात अडकतं.

पुढचं काम लॅपटॉपवर केलं. आधी कार्डाची हुबेहूब इमेज, म्हणजे अख्ख्या कार्डाची एका फाइलमधली नक्कल बनवली, अर्ध्या तासाच्या आसपास लागला. कार्ड वाचताना अडखळत असेल तर त्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर आहे, मला गरज पडली नाही. मग त्या इमेजवर फोटोरेक हे फोटो परत मिळवणारं सॉफ्टवेअर चालवलं. हे फुकट आहे, टेस्टडिस्क नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या सोबतच येतं, क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेलं. नोंदवहीकडे ते बघतच नाही. प्रत्येक प्रकारची फाइल कशी सुरू होते ते त्याला माहीत असतं, ती सुरुवात सापडली की तिथून पुढचे तुकडे उचलत जातं. फाइल सलग लिहिलेली असेल तर अख्खी मिळते, विखुरलेली असेल तर अर्धी. मोठे व्हिडिओ म्हणूनच फुटतात. माझे सहा होते, दोनच उघडले. काढलेल्या फाइल त्याच कार्डावर साठवायच्या नाहीत, वेगळ्या डिस्कवर घ्यायच्या.

आकडे सांगतो. ३७५ पैकी ३५२ फोटो सबंध आले. १४ अर्धे, म्हणजे वर घोडा आणि भगवा, खाली नुसता राखाडी पट्टा. ९ मिळालेच नाहीत. माझे फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपातले होते, आणि माझ्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइलच्या पुढच्या भागातच एक जेपेग दडलेला असतो. शेपूट तुटलं तरी तो वाचतो. एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने त्या १४ मधल्या ११ फोटोंचे जेपेग पूर्ण आकारात निघाले. त्या क्षणी खुर्चीवरून उठून घरात सांगायला गेलो. फाइलींची मूळ नावं जातात, एफपासून सुरू होणारे नुसते आकडे राहतात. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर होतं म्हणून वेळेनुसार लावता आले. तुमचं तपासून ठेवा.

त्या ढिगात उचगावचा साखरपुडाही निघाला! मधल्या काळात ते कार्ड मी किती वेळा फॉरमॅट केलं होतं. साधं फॉरमॅट फक्त नोंदी पुसतं, फोटो पुसत नाही. लोकांच्या घरातले फोटो असलेलं जुनं कार्ड कुणाला देताना किंवा विकताना हे ध्यानात ठेवायला हवं.

मग मत बदलायची वेळ आली. कार्ड रिकामं करून एच२टेस्टडब्ल्यू हे कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर लावलं. ते कार्ड काठोकाठ भरतं आणि पुन्हा वाचून ताडून बघतं. बनावट कार्डं यातच पकडली जातात, पाकिटावर ६४ आणि आत ८ जीबी. (५९ दिसतात म्हणून घाबरू नका. कंपनी १०००च्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४च्या.) एकही चूक निघाली नाही. म्हणजे कार्डाचा दोष नव्हता. रीडरची सैल पिन आणि माझं कट-पेस्ट. कट केल्यावर एकेक फोटो उतरला की कार्डावरची त्याची नोंद पुसली जाते, म्हणजे कार्डावर लिहिणं चालू असतं, आणि नेमकं त्याच वेळी ते तुटलं. नुसतं कॉपी करत असतो तर बहुधा इतकं झालं नसतं. दुकानदाराकडे परत जाऊन हे सांगितलं. चूक माझी होती आणि ओरडलो त्याच्यावर.

आता रीडर ६५० चा आहे, घट्ट बसणारा आणि लॉक मानणारा. कार्ड घरी आलं की आधी लॉक, मग कॉपी, दोन डिस्कवर. दोन्हींवर फोटो उघडून पाहिल्याशिवाय फॉरमॅट नाही, आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातच. लाल दिवा लुकलुकत असताना कप्पा उघडत नाही, बॅटरी शेवटच्या घरात आली की तिथेच बदलतो. मोठ्या कामाला ६४ च्या एका कार्डाऐवजी ३२ ची दोन नेतो, अर्धं गेलं तरी अर्धं राहतं. कॅमेऱ्याला दोन कप्पे असतील तर दोन्हींत एकदम लिहायला लावा, माझ्याकडे एकच आहे.

आषाढात जांबोटी-कणकुंबीकडे एका कामाला गेलो होतो, तेव्हाही हेच कार्ड होतं, खाचेवर चिकटपट्टी लावलेलं. एवढ्या पावसातही चाललं, वेग पहिल्यासारखाच. पण चिकटपट्टीमुळे त्याला लॉक आता करताच येत नाही, आणि घरी आल्यावर लॉक न करता कार्ड कॉम्प्युटरला लावायला माझा हात धजत नाही. म्हणून मागच्या आठवड्यात त्याच दुकानात, त्याच कंपनीचं आणखी एक घ्यायला गेलो. दुकानदाराला विचारून पाकिटं तिथेच उघडायला लावली. पहिल्या कार्डाची पट्टी बोटाने सरकली. दुसऱ्याची, तिसऱ्याचीही. चौथं घेतलं. त्याला नख रोवावं लागतं.