दुरुस्तीनंतरही गिअर झटके देतोय? एसपी-४ तेल आणि रीलर्न सर्व्हिसचं परीक्षण

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब वाटून देणारा भाग), सोलेनॉइड (तो दाब उघडझाप करणारे विजेचे व्हॉल्व्ह) किंवा क्लच प्लेटा बदलून गाडी घरी येते आणि डी (पुढे जायचा गिअर) टाकताच धक्का बसतो. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना झटका, सिग्नलला थांबता थांबता आणखी एक. गॅरेजमध्ये सांगितलं जातं, "चालवत राहा, सेट होईल." कधीकधी खरंच होतं. पण तेलाची लेव्हल चुकलेली असेल तर किती चालवलं तरी होत नाही, उलट नव्या क्लच प्लेटा जळतात.

हे परीक्षण ह्युंदाई-कियाच्या सहा गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या ऑटोमॅटिकपुरतं आहे, म्हणजे क्रेटा, वर्ना, एलांट्रा, ट्यूसाँ यांच्या काही ऑटोमॅटिक आवृत्त्यांत असतो तो गिअरबॉक्स. या गिअरबॉक्ससाठी ठरवून दिलेलं एसपी-४ तेल उत्तम आहे, पण दुरुस्तीनंतरचा झटका नुसतं तेल ओतून जात नाही. पैसे मोजण्यासारखं काम दोनच गोष्टींत आहे: योग्य तापमानाला लावलेली लेव्हल आणि स्कॅनरने केलेलं रीसेट व रीलर्न, म्हणजे गिअरबॉक्सच्या संगणकाने शिकलेलं पुसून त्याला नव्याने शिकवणं. ही दोन्ही कामं नीट होत असतील तर ही सर्व्हिस घ्याच. गिअरबॉक्स पुन्हा उतरवायचा विषय त्यानंतर.

आधी तेल. एसपी-४ हे जुन्या एसपी-३ पेक्षा पातळ आहे आणि त्यातली घर्षणाची रसायनंही वेगळी आहेत. जुन्या चार गिअरच्या गाड्यांचं एसपी-३ शेल्फवर पडलेलं असतं आणि ते या गिअरबॉक्समध्ये ओतलं गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. मग साठच्या आसपास हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी बारीक थरथरते, कारण कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) नीट पकडत नाही. डब्यावर एसपी-४ छापलेलं असायला हवं, "सर्व गाड्यांसाठी" असं लिहिलेलं तेल टाळलेलं बरं. आयव्हीटी (पट्ट्यावर चालणारा), डीसीटी (दोन क्लचचा) आणि एएमटी (मॅन्युअलवरच बेतलेला) या ह्युंदाईच्याच इतर ऑटोमॅटिक प्रकारांना हे तेल चालत नाही, ते गिअरबॉक्स मुळातच वेगळे. नवं तेल लाल असतं, पण तो लाल रंग फक्त ओळखीसाठी घातलेला असतो. वापरात तो उतरतो, त्यामुळे तेल तपकिरी दिसलं म्हणजे ते गेलंच असं नाही. वास घ्या. करपट वास आणि बोटावर काळा चुरा आला तर क्लच जळलाय.

एकूण तेल साधारण ७ लिटर, पण ड्रेन प्लग उघडल्यावर त्यातलं सुमारे ४ लिटरच बाहेर येतं. बाकीचं कन्व्हर्टर, तेल थंड करणारा कूलर आणि व्हॉल्व्ह बॉडीत अडकून राहतं. म्हणजे एकदा काढून भरलं की निम्म्याहून थोडं जास्त तेल नवं होतं, दोनदा केलं की ८० टक्क्यांच्या आसपास आणि तीनदा केलं की ९० च्या वर. दोन बदलांच्या मध्ये काहीशे किलोमीटर चालवायला हवं, नाहीतर तेल मिसळत नाही. कूलरच्या पाइपला जोडायचं फ्लशिंग मशीन एका बैठकीत जास्त तेल बदलतं. क्लच जळल्यानंतरच्या दुरुस्तीत कूलर आणि त्याचे पाइप धुणं तर आवश्यकच असतं, कारण तिथे अडकलेला चुरा नव्या सोलेनॉइडमध्ये येऊन बसतो. पण मशीन वापरलं म्हणून लेव्हल आपोआप बरोबर होत नाही. "मशीन जितकं काढतं तितकंच भरतं" हे वाक्य आधीची लेव्हल बरोबर असेल तरच खरं ठरतं, आणि दुरुस्तीनंतर ती बरोबर असेल असं कशाच्या जोरावर म्हणायचं? या गिअरबॉक्सचा फिल्टर आत केसमध्ये आहे, तेल बदलताना तो निघत नाही. बिलात तेलबदलासोबत फिल्टरचे पैसे लावलेले दिसले तर जरूर विचारा.

आता लेव्हल. इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि इथेच सर्व्हिस देणाऱ्याची पारख होते. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. तेल वरच्या भरण्याच्या छिद्रातून जातं आणि लेव्हल खालच्या वेगळ्या प्लगने बघायची असते. पद्धत अशी: काढलेलं तेल मापाच्या भांड्यात मोजायचं आणि तितकंच परत भरायचं. त्यावर ७०० मिलिलिटर जादा घालायचं. इंजिन सुरू करून तेलाचं तापमान ५० ते ६० अंश सेल्सिअसमध्ये आणायचं, आणि हे तापमान स्कॅनरवर वाचायचं, हात लावून अंदाजाने नाही. ब्रेक दाबून लिव्हर पी (पार्किंग) पासून डी पर्यंत आणि परत पी पर्यंत सावकाश न्यायचा, प्रत्येक ठिकाणी किमान दोन सेकंद थांबून, आणि हा फेरा पुन्हा एकदा करायचा. मग इंजिन आयडलवर चालू असतानाच गाडी लिफ्टवर सपाट उचलून लेव्हल प्लग उघडायचा.

उघडल्या उघडल्या जादा तेल जोरात येतं. घाई न करता बघत राहायचं. धार हळूहळू बारीक होत काडेपेटीच्या काडीएवढी होते आणि न तुटता तशीच चालू राहते, त्या क्षणी प्लग बंद करायचा. धार तुटून थेंब पडू लागले तर उशीर झाला. काहीच आलं नाही तर तेल कमी आहे, मग वरून भरून सगळं पहिल्यापासून. प्लगचा वॉशर नवा लावायचा. जुना दाबलेला वॉशर पुन्हा लावला की महिन्याभरात तिथून गळती सुरू होते आणि लेव्हल परत उतरते.

तापमानाचा एवढा आग्रह का, तर तेल तापलं की फुगतं. थंड गाडीवर लेव्हल लावली तर पुढे गरम झाल्यावर तेल जास्त होतं, फिरणारे भाग ते घुसळतात आणि फेस होतो. ८०-९० अंशांवर लावली तर सकाळी थंडीत तेल कमी पडतं आणि पंप हवा ओढतो. दोन्हीकडून शेवट एकच: क्लचला मिळणाऱ्या तेलात हवा, आणि हवा दबली जात असल्याने पकड उशिरा आणि मग एकदम. लक्षणांवरून अंदाज येतो. सकाळी डी टाकल्यावर सेकंद-दोन सेकंद काहीच नाही आणि मग धप्पकन पकड, वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर आरपीएम उडणं, हे कमी तेलाचं. गाव ते ऑफिस ठीक, पण बोरघाट चढून गेल्यावर झटके सुरू, असं असेल तर जास्त तेलाचा संशय घ्या. लेव्हल बरोबर निघाली तर मात्र व्हॉल्व्ह बॉडीतली झीज, कारण गरम पातळ तेल झिजलेल्या जागेतून निसटतं.

लेव्हल जमल्यावर रीलर्न. गिअरबॉक्सचा संगणक, टीसीएम, प्रत्येक क्लच भरायला किती वेळ आणि किती दाब लागतो हे सतत शिकत असतो. क्लच झिजत जातो तसा तो दाब आणि वेळ वाढवत नेतो. दुरुस्तीत नवा क्लच किंवा नवी व्हॉल्व्ह बॉडी बसली तरी संगणकाच्या लेखी जुनाच झिजलेला क्लच असतो, आणि तो जुन्या हिशोबाने जोर लावतो. दुरुस्तीनंतरच्या झटक्याचं हे नेहमीचं कारण आहे आणि त्याला कुठलाही पार्ट लागत नाही. बॅटरीची तार काढून ठेवली की काम झालं असं धरून चालू नये. स्कॅनरने टीसीएमच्या शिकलेल्या किमती पुसाव्या लागतात.

पुसल्यावर नव्याने शिकवायचं. तेल ४० ते १०० अंशांत असताना गाडी उभी ठेवून, पाय ब्रेकवर, एन (न्यूट्रल) वरून डी आणि एन वरून आर (रिव्हर्स), मध्ये दोन-तीन सेकंद थांबत, किमान चार वेळा. मग रस्त्यावर: उभ्या गाडीपासून १५ ते ३० टक्के थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) स्थिर धरून पहिल्यापासून सहाव्यापर्यंत, नंतर हळूहळू वेग कमी करत परत खाली थांबेपर्यंत. हेही किमान चार वेळा. थ्रॉटल स्थिर हा मुद्दा कळीचा आहे. पाय वरखाली झाला तर ते शिफ्ट शिकण्यात धरलंच जात नाही. दुपारी शहराच्या गर्दीत हे जमत नाही, पहाटेचा रिकामा रस्ता लागतो. चांगली सर्व्हिस देणारे हा फेरा स्वतः मारतात आणि स्कॅनर लावूनच मारतात. "रीसेट केलंय, तुम्हीच शिकवा" म्हणणाऱ्याने अर्धं काम केलेलं असतं.

एवढं होऊनही झटका राहिला तर? आधी गिअरबॉक्सबाहेर बघा. गिअरबॉक्स उतरवताना माउंटिंग (इंजिन-गिअरबॉक्स धरून ठेवणारे रबरी आधार) सुटतात आणि घाईत ताणून बसवली जातात. बॉनेट उघडं ठेवून, ब्रेक घट्ट दाबून, कुणालाही समोर उभं न करता डी-आर करा. इंजिन एका बाजूला उडी मारत असेल तर धक्का गिअरचा नाही, माउंटिंगचा. एअर फिल्टरचा डबा काढून बसवताना हवेचा होज सैल राहिला तर इंजिन टॉर्कचा आकडा चुकतो आणि टीसीएम दाब त्यावरूनच ठरवतो. बॅटरीखालची अर्थिंगची पट्टी बघा. व्हॉल्व्ह बॉडी उघडली असेल तर सोलेनॉइडचे कनेक्टर अदलाबदल झालेत का, आणि बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच कसणाऱ्या पान्याने) कसलेत का, हे विचारा. ते छोटे बोल्ट साधारण १ ते १.२ किलोग्रॅम-मीटरला कसायचे असतात. हाताच्या अंदाजाने जास्त कसले की बॉडी वाकते आणि आतला व्हॉल्व्ह अडकतो.

स्कॅनरवर बिघाडाचे कोड वाचा. पी०७०० म्हणजे फक्त "टीसीएममध्ये काहीतरी साठलंय", खरा कोड टीसीएममध्ये जाऊन वाचायचा. पी०७१७ आणि पी०७२२ हे इनपुट आणि आउटपुट स्पीड सेन्सरचे, दुरुस्तीनंतर अनेकदा नुसत्या न बसलेल्या कनेक्टरचे. पी०७३१ ते पी०७३५ म्हणजे पहिल्या ते पाचव्यापैकी त्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, तिथे क्लच घसरतोय. असा कोड असताना रीलर्न करत बसू नका. पी०७४१ लॉक-अप क्लचचा.

ब्लूटूथचा स्वस्त ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावून मोबाइलवर माहिती दाखवणारा) घ्यावा का? योग्य ॲप असेल तर तेलाचं तापमान वाचायला आणि साधे कोड बघायला तो उपयोगी आहे. तेवढ्यासाठी जरूर घ्या. शिकलेल्या किमती पुसायला मात्र या गाड्यांवर तो बहुतेक वेळा पुरत नाही, तिथे गॅरेजचा पूर्ण स्कॅनर लागतो. "झटका घालवणारे" ॲडिटिव्ह नव्या क्लचवर अजिबात नकोत, तेलाचं घर्षण बदललं की संगणकाने शिकलेलं सगळं बिनकामाचं होतं.

जॉबकार्डवर चार गोष्टी लिहून घ्या: किती तेल काढलं, किती भरलं, लेव्हल कोणत्या तापमानाला लावली, आणि रीसेटनंतर रस्त्यावरचा फेरा मारला की नाही. झटका उरलाच तर त्याखाली आपल्याकडून लिहा: कोणत्या गिअरवरून कोणत्या गिअरवर, थंड असताना की गरम, आरपीएम उडून मग झटका की सरळ झटका. आरपीएम उडून झटका म्हणजे दाब कमी किंवा क्लच भरायला उशीर. सरळ झटका म्हणजे दाब जास्त. एवढ्यावरून जाणकार मेकॅनिक कोणता सोलेनॉइड आधी तपासायचा ते ठरवतो.